पाचावर धारण : आकस्मिक भयाच्या एका मराठी शब्दप्रयोगाचा इतिहास

भरताने नाट्यशास्त्रात जे तेहतीस व्यभिचारी भाव सांगितले आहेत, त्यांत ‘त्रास’ हा एक आहे. विजेचा कडकडाट, उल्कापात, मेघगर्जना, मोठ्या श्वापदाची डरकाळी हे त्याचे विभाव होत. पुढच्या आलंकारिकांनी भय आणि त्रास यांच्यात नेमका भेद केला. मागचापुढचा विचार होऊन मनात जे घर करते ते भय. विचाराला अवसर न देता एकाएकी अंग कापवतो तो त्रास. आकस्मिक भयाला असे स्वतंत्र, पारिभाषिक नाव देणारी ही परंपरा मराठीच्या मागे उभी होती. मराठीने शब्द घेतलाही. पण घेताना त्यातले भय वगळले. मराठी माणसाला त्रास होतो तो डासांचा, गुडघ्याचा किंवा नातेवाइकांचा. वीज कडाडल्यावर त्याला ‘त्रास’ होत नाही, तो दचकतो.

एखादा शब्द आपली जागा सोडतो तेव्हा ती जागा कोण घेते, हा शब्दार्थाच्या इतिहासातला फलदायी प्रश्न आहे. ‘त्रास’ने रिकामी केलेल्या जागेवर मराठीत एक शब्द आला नाही, एक जथाच आला. त्यातला मोठा भाग ध्वन्यनुकारी आहे : धस्स होणे, धडकी भरणे, धसका बसणे. दुसरा भाग शरीराचा आहे : बोबडी वळणे, दातखीळ बसणे, पोटात गोळा येणे. फारसी-अरबीतून ‘दहशत’ आली आणि ‘धास्ती’ हे तिचेच मराठमोळे रूप मानले जाते. ग्रीकांनी असल्या भयाला पॅन या रानदेवाचे नाव दिले. निर्जन माळावर कळप विनाकारण उधळतो तो या देवाच्या संचाराने, अशी त्यांची समजूत, आणि इंग्रजीतून आपल्या बोलण्यात रुळलेला ‘पॅनिक’ हा शब्द त्या देवाचाच वंशज आहे. मराठीने आपल्या कोणत्याही देवाला हा मान दिलेला दिसत नाही. म्हसोबा, वेताळ, आसरा यांची भीती मराठी मुलखात भरपूर होती, तरी आकस्मिक भयाचे सामान्यनाम व्हायचे भाग्य त्यांना लाभले नाही.

ते लाभले दोन फार लौकिक गोष्टींना : घराच्या छपराला आणि धान्याच्या भावाला.

छपराविषयी थोडक्यात सांगून पुढे जातो. ‘धाबे दणाणणे’ यातले धाबे म्हणजे लाकडी तुळयांवर माती घालून केलेले सपाट छप्पर. मराठवाड्यात त्याला माळवदही म्हणतात. बीड, धारूर, अंबाजोगाईच्या जुन्या वस्त्यांत अशी घरे आजही दिसतात. सपाट छपरांची घरे एकमेकांना लागून असली की एका धाब्यावरून दुसऱ्यावर जाता येते. रात्री डोक्यावर पावलांचा दणका ऐकू आला तर आत झोपलेल्याचे काय होत असेल, ते सांगायला कोश नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे शेजारच्या लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारीच्या भूकंपाने दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो माणसे गेली. त्यानंतर काही काळ तरी त्या भागात हा वाक्प्रचार हसतखेळत वापरणे अवघड झाले असले पाहिजे. मेलेले रूपक अशा प्रसंगी कबरीतून उठून बसते.

आता प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय. ‘पाचावर धारण बसणे’ याचा अर्थ कोणत्याही शालेय पुस्तकात ‘अतिशय घाबरणे’ असा दिलेला असतो. पदव्युत्तर वर्गात विचारले तर हाच अर्थ मिळेल. ‘धारण म्हणजे काय?’ असे पुढे विचारले तर मात्र धृ या धातूकडे बोट दाखवून ‘धरणे, पेलणे’ असे उत्तर येण्याचा संभव अधिक. मग ‘पाच’ म्हणजे पंचप्राण आणि भयाच्या क्षणी ते कसेबसे धरून ठेवलेले, अशीही उपपत्ती कुणी लावू पाहील. ती आकर्षक आहे. तिच्या विरुद्ध एक व्याकरणाचा पुरावा मात्र आहे : ‘धरणे’ या अर्थाचे ‘धारण’ नपुंसकलिंगी आहे, आणि या वाक्प्रचारात धारण ‘बसली’ असे म्हणतात, म्हणजे ती स्त्रीलिंगी आहे. स्त्रीलिंगी ‘धारण’ हा जुन्या मराठीतला बाजाराचा शब्द आहे. त्याचा अर्थ धान्याचा चालू दर, निरख. जमिनीच्या आकाराच्या दराला ‘धारा’ म्हणत, तोही याच कुळातला.

आकर्षक व्युत्पत्तींविषयी इथे जरा सावध करणे अवश्य आहे, विशेषतः बीडच्या संदर्भात. निजामी काळातल्या इंग्रजी कागदांत या जिल्ह्याचे नाव ‘भीर’ असे येते. भयाच्या शब्दावर लिहिणाऱ्याला ‘भीरू’ची आठवण होऊन हात शिवशिवावेत अशी ही जागा आहे. पण त्या नावाचा भयाशी काडीचा संबंध नाही. स्थानिक परंपरा ते विहीर या अर्थाच्या अरबी-फारसी शब्दाशी जोडते आणि त्याचे श्रेय मुहम्मद तुघलकाला देते. तीही लोकव्युत्पत्तीच असेल, पण निदान मुलखाच्या स्वभावाला धरून आहे. बीडजवळची खजाना विहीर निजामशाहीत, १५८२ च्या सुमारास बांधली गेली. दुष्काळातही ती आटत नाही ही तिची ख्याती. ज्या गावात न आटणारी विहीर हा खजिना ठरतो, तिथे भय कोणत्या बाजूने येत होते हे उघड आहे.

‘पाचावर धारण’ची सामान्यतः सांगितली जाणारी उपपत्ती अशी : पूर्वी एका दुष्काळात धान्याची धारण रुपयाला पाच शेरांवर आली, लोकांची गाळण उडाली आणि त्यावरून हा प्रयोग रूढ झाला. स्थूलमानाने ही उपपत्ती मला मान्य आहे. पण ती एका घटनेच्या गोष्टीवर थांबते, आणि दोन गोष्टी तिच्या नजरेतून निसटतात.

पहिली गोष्ट मापाची. आज आपण भाव सांगतो तो किलोला किंवा क्विंटलला इतके रुपये असा. वस्तूचे परिमाण स्थिर आणि पैशाचा आकडा हलता. जुन्या बाजारात याच्या उलट होते. रुपया स्थिर आणि शेर हलते. म्हणून आकडा खाली येणे म्हणजे महागाई. बऱ्या सालात ज्वारीची धारण रुपयाला दोन आकडी शेरांत असे. ती पाचावर येणे म्हणजे त्याच रुपयात पूर्वीच्या निम्म्याहून कमी भाकरी. हा व्यवहार डोळ्यांपुढे नसेल तर ‘पाच’ या आकड्यातले भय कळत नाही, कारण आजच्या वाचकाला लहान आकडा स्वस्ताईचा वाटतो. १९५६ च्या कायद्यानंतर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजनमापे आली. चिपटे, मापटे, शेर, पायली ही साखळी कायद्याने बाद झाली, व्यवहारात पायली मात्र अनेक खेड्यांत टिकून राहिली. वाक्प्रचार अपारदर्शक होण्याची प्रक्रिया त्याआधीच सुरू झाली असेल. या बदलाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. शिवाय शेर सगळीकडे एक नव्हता, आणि बीडमध्ये तर रुपयाही एक नव्हता. निजामाचा हाली शिक्का आणि इंग्रजी कलदार यांची किंमत वेगळी, साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. हाली रुपया चलनातून पुरता गेला तो १९५९ मध्ये. तेव्हा ‘रुपयाला पाच शेर’ यातला रुपया कोणता आणि शेर कोणता, हे प्रत्येक बाजारपेठेत वेगळे होते. वाक्प्रचाराने शेर आणि रुपया दोन्ही गाळून नुसता ‘पाच’ ठेवला, त्यामुळे तो सर्व पेठांत चालला असावा.

दुसरी गोष्ट क्रियापदाची, आणि ती माझ्या मते अधिक महत्त्वाची आहे. ‘बसणे’ हे मराठीतले फार कष्टाळू क्रियापद. भाव बसतो म्हणजे ठरतो, स्थिरावतो. पण आवाज बसतो, भिंत बसते, धंदा बसतो तेव्हा ते खचण्याचे, कोसळण्याचे क्रियापद असते. धारण पाचावर ‘बसली’ या शब्दांत दर ठरला आणि दर खचला हे दोन्ही अर्थ एकाच वेळी उभे आहेत. याच्याही पलीकडे, ‘बसणे’ हे मराठीत भयाचे नित्याचे क्रियापद आहे : धसका बसतो, धाक बसतो, वचक बसतो, दहशत बसते, दातखीळ बसते. म्हणजे बाजारातली ‘धारण बसणे’ ही शब्दरचना भयाच्या क्रियापदांच्या पंक्तीत आधीच येऊन बसण्याजोगी होती. केवळ एका दुष्काळाच्या आठवणीने हा वाक्प्रचार भयवाचक झाला नाही. भाषेच्या अंतर्गत रचनेने त्याला ती वाट मोकळी करून दिली. हाच प्रसंग ‘धारण पाचावर आली’ किंवा ‘उतरली’ या शब्दांत रूढ झाला असता तर तो भयाचा पर्याय झाला असता की नाही, याची मला शंका आहे.

मग दुष्काळ कोणता? हा प्रश्न वाटतो तितका निष्फळ नाही, कारण निदान एक उत्तर बाद करता येते. दख्खनच्या स्मृतीतला सर्वांत भयंकर दुष्काळ म्हणजे १३९६ ते १४०७ चा, बारा वर्षांचा म्हणून सांगितला जाणारा दुर्गादेवीचा दुष्काळ. पण रुपया हे नाणे शेरशहाच्या काळचे, सोळाव्या शतकाच्या मध्याचे. दख्खनमध्ये त्याचा चांगला प्रसार झाला तो मोगलांबरोबर. तेव्हा धारण ‘रुपयाला पाच’ असेल तर ती दुर्गादेवीच्या दुष्काळातली असू शकत नाही. १६३०-३२ चा दुष्काळ हा पहिला शक्य उमेदवार. तुकोबांच्या घरात मृत्यू आणणारा हाच तो काळ. बादशाही इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरीने त्याचे अंगावर काटा आणणारे वर्णन केले आहे. शाहजहान त्या वेळी बुऱ्हाणपुरात होता आणि दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांत वाटावेत असा हुकूम त्याने दिल्याचे लाहोरी नोंदवतो. (पाचाचा आकडा इथेही यावा हा योगायोग आहे, त्यावर काही उभारू नये.) बीडच्या मुलखावर तर त्या वर्षांत दुहेरी संकट होते. खानजहान लोदीच्या पाठलागावर आलेल्या मोगल फौजा याच परिसरात वावरत होत्या आणि १६३१ मध्ये त्यांनी धारूरचा किल्ला घेतला. पावसाने सोडलेले पीक लष्कराच्या जनावरांपुढे किती टिकणार? त्यानंतर १७९१-९२, १८०३-०४, १८७६-७८, १८९९-१९०० अशी रांग आहे. यांपैकी एकाची निवड करण्याचा मोह मी टाळतो. वाक्प्रचाराचा जन्म एका तारखेला झाला असे मानायचे कारण नाही. प्रत्येक दुष्काळात धारण कोसळत होती आणि प्रत्येक पिढीला तो प्रयोग नव्याने खरा वाटत होता. वाक्प्रचार टिकतात ते असे.

शेवटच्या दुष्काळाने बीडमध्ये काय केले याचा एक कोरडा पुरावा खानेसुमारीत आहे. १८९१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ६ लाख ४२ हजार होती, १९०१ मध्ये ती सुमारे ४ लाख ९२ हजार भरली. एका दशकात दीड लाख माणसे कमी. मेली किती आणि गाव सोडून गेली किती, हे त्या आकड्यात वेगळे होत नाही.

इथे एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो आपल्याच काव्यशास्त्रातून येईल. मम्मटाने रूढिलक्षणेचे उदाहरण म्हणून ‘कुशल’ हा शब्द दिला : मुळात कुश नावाचे गवत नीट तोडून आणणारा, लक्षणेने निपुण. साहित्यदर्पणकार विश्वनाथाने त्यावर हरकत घेतली. शब्दाची व्युत्पत्ती ज्या निमित्ताने होते ते निमित्त वेगळे आणि तो ज्या निमित्ताने वापरला जातो ते वेगळे. ‘कुशल’चा मुख्यार्थच निपुण आहे, तिथे लक्षणा कसली? विश्वनाथाचा न्याय लावला तर ‘पाचावर धारण बसणे’ म्हणजे घाबरणे, एवढेच. दुष्काळ, शेर, रुपया हा सगळा व्युत्पत्तीचा भाग, अर्थाचा नव्हे. सोस्यूरप्रणीत भाषाविज्ञानही एककालिक व्यवस्थेच्या नावाने हेच सांगेल.

तत्त्वतः हा आक्षेप बिनतोड आहे. तरीही मला तो इथे पुरेसा वाटत नाही. ‘कुशल’मधून गवत तोडणारा नाहीसा झाला याने कुणाचे काही बिघडले नाही. ‘पाचावर धारण’मधून जो नाहीसा झाला तो भयाचा कर्ता होता. मूळ प्रयोगात कोण घाबरले आहे? धारण पडल्यावर ज्याच्या पेवात ज्वारी आहे तो घाबरत नाही, त्याला तर ती पर्वणी. घाबरतो तो रोजच्या रोज विकत घेऊन खाणारा : शेतमजूर, कोष्टी, बिगारी, बाजारपेठेतला हमाल, आणि पीक गेलेला लहान शेतकरी, जो त्या वर्षी पिकवणाऱ्याचा घेणारा होतो. वाक्प्रचार त्याच्या तोंडचा आहे. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’मध्ये दाखवून दिले की अनेक दुष्काळांत माणसे मरतात ती धान्य मुळीच नसते म्हणून नव्हे, ते मिळवण्याचा हक्क आणि ऐपत त्यांच्याकडे उरत नाही म्हणून. हा विचार ज्ञानक्षेत्रात खळबळजनक ठरला. मराठीच्या एका वाक्प्रचाराने भय आभाळात किंवा शेतात न ठेवता बाजाराच्या आकड्यात ठेवले होते, याची नोंद आपल्या समीक्षेने घ्यायला हवी होती.

या प्रयोगात भय आकस्मिक का आहे, याचे उत्तरही इथेच मिळते. दुष्काळ हळू येतो. मृग कोरडा जातो, मग आर्द्रा, हस्ताची आशा उरते, तीही संपते. यात महिने जातात. हे सगळे आलंकारिकांच्या परिभाषेत भय आहे, मागचापुढचा विचार करणारे. पण आठवडी बाजाराच्या दिवशी मापाला हात घालून व्यापारी जो आकडा बोलतो, तो एका क्षणाचा असतो. तिथे भयाचा त्रास होतो. मंद गतीच्या आपत्तीचे क्षणात रूपांतर करणारी जागा म्हणजे बाजार. विजेच्या कडकडाटाचे काम इथे व्यापाऱ्याचा आवाज करतो.

अंबाजोगाईच्या वाङ्मयीन स्मृतीतही भय याच वाटेने आले आहे, हे सहज आठवते म्हणून सांगतो. दासोपंतांच्या (१५५१-१६१५) चरित्रकथेचा पहिला पेच आध्यात्मिक नाही, तो हिशेबाचा आहे. सारा थकतो, बेदरच्या दरबारी मुलाला ओलीस ठेवले जाते, मुदत पडते, आणि ठरलेली रक्कम मुदतीत भरली गेली नाही तर धर्मांतर. दत्तात्रेय येतात ते रक्कम भरायला. पासोडीसारखी अपूर्व वस्तू निर्माण करणाऱ्या कवीच्या आयुष्याची कथा परंपरेला थकबाकीपासून सुरू करावीशी वाटली.

आजच्या मराठीत ‘पाचावर धारण’ची वस्ती मुख्यतः विनोदी गद्यात आहे. परीक्षेचा निकाल, साहेबाची हाक, सासऱ्यांचे आगमन अशा प्रसंगी नायकाची पाचावर धारण बसते आणि वाचक हसतो. भयानकाचा हा हास्यात झालेला संक्रम समजण्यासारखा आहे. प्रयोगाचा शाब्दिक अर्थ विसरला की त्याचा चमत्कारिक नाद तेवढा उरतो, आणि चमत्कारिक नाद हे विनोदाचे कच्चे द्रव्य. मात्र हा संक्रम पांढरपेशा मराठी गद्यात झाला हे लक्षात घेतले पाहिजे. ज्या वर्गाला मासिक पगार मिळू लागला, त्याच वर्गाला धारण विनोदी वाटू लागली.

बीडमध्ये भयाचा आकडाही बदलला. तिथे ‘बहात्तर’ म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याची कामे, सुकडी, परदेशातून आलेला तांबडा मिलो यांच्या आठवणी अजून सांगितल्या जातात. त्या वर्षी सुरू झालेली आणि १९७७ च्या कायद्याने पक्की झालेली रोजगार हमी योजना धारण उतरवण्याचा प्रयत्न करत नव्हती, घेणाऱ्याच्या हातात रुपया पडेल एवढे पाहत होती. दराचा आकडा जाऊन सालाचा आकडा भयाचे नाव झाला, हा बदल बाजाराकडून शासनाकडे झालेल्या स्थलांतराचाही द्योतक असावा.

तरी बाजार सुटलेला नाही. बीडचा शेतकरी आता ज्वारीपेक्षा कापूस आणि सोयाबीनवर अधिक अवलंबून आहे, म्हणजे तो विकणारा आहे. २०२१ मध्ये सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेला होता. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारातला दर त्याच्याही खाली राहिला. शेर गेले, रुपया हलता झाला, व्यवहाराची दिशा उलटली. आडतीवर उभ्या असलेल्या माणसाला त्या हंगामात पाच हजारांच्या खाली बसलेली धारण ऐकू आली, आणि या वेळी घाबरला तो घेणारा नव्हे, पोते घेऊन आलेला.